विल्सन जोन्स आणि लाल बॉलची जागा

चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, म्हणजे सीसीआयमध्ये, बिलियर्ड्‌सचा एक हॉल आहे. त्याला विल्सन जोन्स यांचं नाव दिलेलं आहे. देशातले चांगले चांगले क्यूपटू, म्हणजे क्यू ही लांब काठी वापरून खेळणारे, तिथे येऊन खेळतात, बातम्यांत ‘विल्सन जोन्स बिलियर्ड्‌स हॉल’ असा उल्लेख येतो, आणि बहुतेक वाचकांसाठी ते नाव तिथेच संपतं. जोन्स कोण, असं विचारलं तर जाणकार थोडीफार माहिती देतात. ते खेळायचे कसे, हे सांगणारं मात्र क्वचितच कुणी भेटतं. मला ही खंत मोठी वाटते, कारण त्यांच्या खेळातलं सगळं काही त्या ‘कसे’मध्येच आहे.

कागदावरची माहिती थोडक्यात अशी. जन्म २ मे १९२२, पुण्याचा. घराणं अँग्लो-इंडियन. बिलियर्ड्‌सचं राष्ट्रीय हौशी अजिंक्यपद बारा वेळा, स्नूकरचं पाच वेळा. १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्‌स विजेतेपद आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये तेच पुन्हा. अर्जुन पुरस्कार, १९६५ मध्ये पद्मश्री, १९९६ मध्ये प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत निधन. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, त्यानंतर सहा वर्षांनी वैयक्तिक खेळात स्वतंत्र भारताला जागतिक विजेता मिळाला तो जोन्स यांच्या रूपाने. दोघेही महाराष्ट्राच्या मातीतले. खाशाबांची ओळख उशिरा का होईना, घराघरांत पोचली, कारण कुस्ती सगळ्यांना कळते. जोन्स ज्या टेबलावर खेळले ते क्लबच्या दाराआड होतं, आणि दार उघडून आत गेलं तरी समोर काय चाललंय हे पहिल्या तासात उमगत नाही.

हल्ली मॉलमध्ये आणि कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये दिसतो तो पूल. टीव्हीवर दिसतो तो स्नूकर, ज्याचा जन्म १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला. या दोन्ही खेळांत बॉल पॉकेटमध्ये गेला की टाळ्या पडतात आणि टेबल हळूहळू रिकामं होत जातं. बिलियर्ड्‌सचं टेबल कधी रिकामं होत नाही. बारा फुटी टेबल आणि त्यावर फक्त तीन बॉल: एक लाल, दोन पांढरे. दोघांपैकी एका पांढऱ्यावर ओळखीपुरता ठिपका असायचा. आता ठिपक्याऐवजी पिवळा बॉल वापरतात. प्रत्येक खेळाडूचा क्यू बॉल, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, ठरलेला, लाल दोघांचा सामाईक.

गुण मिळवायच्या वाटा तीन. आपला बॉल उरलेल्या दोन्ही बॉलना लागला तर कॅनन, त्याचे २ गुण. दुसरा बॉल पॉकेटमध्ये घातला तर पॉट: लालचे ३, पांढऱ्याचे २. आणि आपलाच बॉल दुसऱ्याला लागून पॉकेटमध्ये गेला तर इन-ऑफ: लालवरून ३, पांढऱ्यावरून २. पूल किंवा स्नूकरमध्ये जो फाउल, तो इथे गुण देतो, आणि नवख्या माणसाचा गोंधळ नेमका इथेच उडतो. हे सगळं एकाच फटक्यात जमलं तर जास्तीत जास्त १० गुण होतात. पण तो योग आहे, त्यावर कुणी खेळ उभा करत नाही.

पॉट झालेला लाल पुन्हा टेबलावर ठेवला जातो. पांढरा मात्र परत येत नाही, प्रतिस्पर्ध्याची पाळी येईपर्यंत तो बाहेरच राहतो. म्हणून २ गुणांसाठी पांढरा पॉट करणं म्हणजे स्वतःचाच ब्रेक, सलग गुणांची साखळी, मोडणं, कारण मग कॅननला बॉलच उरत नाही. फटका मारताना जे दिसतं ते २ किंवा ३ गुण; खरा व्यवहार असतो तो फटक्यानंतर तिन्ही बॉल कुठे थांबले याचा. जोन्स बारा वेळा राष्ट्रीय विजेते का झाले, याचं उत्तर गुणफलकावर सापडत नाही. ते लाल बॉल प्रत्येक फटक्यानंतर कुठे थांबला यात आहे.

आधी टेबलाबद्दल, कारण त्याला वगळून या खेळाडूंबद्दल काहीच नीट सांगता येत नाही. खेळण्याची जागा ११ फूट साडेआठ इंच लांब आणि ५ फूट १० इंच रुंद. खाली स्लेटच्या पाच जाड फरशा एकमेकींना जोडून समतल केलेल्या, वर लोकरीचं कापड ताणून बसवलेलं. त्या कापडाला लव असते, तिला नॅप म्हणतात. नॅप बॉक लाइनकडून, म्हणजे टेबलाच्या खालच्या टोकाजवळच्या आडव्या रेषेकडून, वरच्या टोकाकडे जाते. हात फिरवला तर एका दिशेने मऊ लागतं, उलट फिरवला तर खरखरीत. बॉलला हाच फरक कळतो. नॅपच्या दिशेने जाणारा बॉल लांब जातो. नॅपविरुद्ध येणारा लवकर दमतो आणि अगदी हळू असेल तर ओळ सोडून सरकतो. साइड देऊन, म्हणजे बॉलला मध्याच्या डावी-उजवीकडे मारून फिरकी देऊन, खेळलं तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. उजवी साइड दिलेला बॉल नॅपबरोबर वर जाताना वेग कमी झाला की उजवीकडे वळतो. तीच साइड नॅपविरुद्ध, हळू फटक्यात, बॉलला उलट बाजूला नेते. हे ज्याच्या अंगवळणी पडलं नाही, त्याने कितीही नेम धरला तरी हळू फटके त्याच्या हाती लागत नाहीत. आणि बिलियर्ड्‌स हा मुळात हळू फटक्यांचा खेळ.

त्यात मुंबईची हवा. जून ते सप्टेंबर लोकरीचं कापड ओलावा धरून ठेवतं. कापड जड होतं, कालच्या जोराने मारलेला बॉल आज सहा इंच अलीकडेच थांबतो. चॉक दमट झाला की टिपवर, म्हणजे क्यूच्या टोकावर, नीट बसत नाही आणि साइड देताना क्यू सटकतो. यावरचा उपाय म्हणजे रोजची इस्त्री. आधी ब्रश, तोही बॉककडून वर, नॅपच्याच दिशेने, कारण उलटा ब्रश मारला तर लव उभी राहते. मग गरम इस्त्री त्याच दिशेने, न थांबता, एका पट्ट्याला लागून दुसरा पट्टा. एका जागी क्षणभर जास्त टेकली तर लोकर करपते आणि तो डाग कापड बदलेपर्यंत राहतो. हे काम क्लबातला मार्कर करायचा. गुण मांडणं, लाल स्पॉटवर (त्याच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवणं, टेबल तयार करणं, नव्या सदस्याबरोबर चार फटके खेळणं, सगळं त्याच्याकडे. आपल्याकडच्या बिलियर्ड्‌सच्या इतिहासात मार्करना जितकी जागा मिळायला हवी होती तितकी कधीच मिळाली नाही. टेबल कसं चालतंय हे खेळाडूच्या आधी त्यांना कळायचं.

आज मोठ्या स्पर्धांत वातानुकूलित हॉल असतो, बॉलही एकसारख्या घडणीचे असतात. जोन्स यांच्या उमेदीच्या काळात एका शहरातल्या टेबलावरून दुसऱ्या शहरातल्या टेबलावर जायचं म्हणजे जोराचा सगळा हिशेब नव्याने मांडायचा. असल्या परिस्थितीत एकदा जिंकणारे पुष्कळ असतात. बारा वेळा जिंकायचं तर कुठल्याही टेबलावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत त्याचा वेग हाताला कळावा लागतो.

आता इन-ऑफकडे येऊ. पॉकेटमध्ये गेलेला आपला बॉल हातात येतो आणि ‘डी’मध्ये कुठेही ठेवून पुढचा फटका खेळता येतो. बॉक लाइन खालच्या कुशनपासून (टेबलाच्या रबरी काठापासून) २९ इंचांवर, आणि ‘डी’ म्हणजे तिच्यावर काढलेलं साडेअकरा इंच त्रिज्येचं अर्धवर्तुळ. जागा निवडायची मोकळीक असल्यामुळे लाल टेबलाच्या मध्यभागी राहिला की ‘डी’मधून मधल्या पॉकेटमध्ये इन-ऑफ पुन्हा पुन्हा घेता येतो, दर फटक्याला ३ गुण.

हा फटका ‘हाफ बॉल’वर खेळतात. आपल्या बॉलचा मध्य लालच्या कडेवर रोखायचा, म्हणजे टक्कर होताना समोरून अर्धा लाल झाकलेला दिसतो. घरंगळत आलेला क्यू बॉल या टकरीनंतर आपल्या मूळ रेषेपासून साधारण ३३-३४ अंशांनी वळतो. लाल दुसऱ्या बाजूला ३० अंशांनी जातो. हाफ बॉलची गंमत अशी की क्यू बॉलचं वळण इथे जवळजवळ कमाल असतं, त्यामुळे टक्कर थोडी जाड, म्हणजे लाल जास्त झाकणारी, झाली काय किंवा थोडी पातळ झाली काय, क्यू बॉलचा कोन फारसा बदलत नाही. तो पॉकेटमध्ये जातोच. शिकणाऱ्याला म्हणूनच हा फटका पहिल्यांदा शिकवतात.

पण लालच्या बाबतीत ही माफी नाही. समजा लाल टेबलाच्या मध्यरेषेच्या सव्वा फूट अलीकडे, उभ्या मध्याच्या किंचित उजवीकडे आहे. क्यू बॉल ‘डी’च्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, उजव्या मधल्या पॉकेटसाठी हाफ बॉल खेळला, की लाल सरळ वर जातो, वरच्या कुशनला लागतो आणि सरळ खाली येतो. जाताना सात फूट, येताना सात फूट. जोर बरोबर असेल तर तो आधीच्याच जागी थांबतो आणि तोच फटका पुन्हा समोर उभा राहतो. आता नेम २ मिलिमीटर चुकला असं धरू. बॉलचा व्यास साडेबावन्न मिलिमीटर, त्या हिशेबाने लालची दिशा सुमारे अडीच अंशांनी बदलते. चौदा फुटांचा प्रवास संपेपर्यंत तो ठरल्या जागेपासून सात-साडेसात इंच बाजूला गेलेला असतो. क्यू बॉल पॉकेटमध्ये गेला, ३ गुण मिळाले, मार्करने ते मांडलेही. पण पुढचा फटका आता हाफ बॉलचा उरलेला नाही. मग पातळ खेळावं लागतं किंवा साइड लावावी लागते, त्यात लाल आणखी भलतीकडे जातो, आणि दोन-तीन फटक्यांत ब्रेक संपतो. बघणाऱ्याला वाटतं, शेवटचा फटका चुकला. चूक झालेली असते तीन फटके आधी, गुण मिळवणाऱ्या फटक्यात.

जोराचंही तसंच. जोर कमी पडला तर लाल वरच राहतो आणि लांबचा इन-ऑफ घ्यावा लागतो. जास्त झाला तर लाल परत येताना बॉक लाइन ओलांडतो. हातातला बॉल खेळताना बॉकमधल्या, म्हणजे त्या रेषेखालच्या भागातल्या, बॉलवर थेट मारता येत नाही, आधी बॉकबाहेरच्या कुशनला लावून परत यावं लागतं. म्हणजे एक फूट जास्तीचा जोर आणि सोपा इन-ऑफ अर्ध्या नशिबाच्या फटक्यात बदलतो. परतीचा प्रवास नॅपविरुद्ध आहे, तेव्हा जोराचा अंदाज जातानाच्या चालीवरून बांधून चालत नाही.

हौशी खेळाडू आणि विजेता यांच्यातली दरी इथे आहे. पन्नास फटके एकेकटे लावून दिले तर क्लबातला बरा खेळाडू त्यातले चाळीस घेईल. तेच पन्नास ओळीने, प्रत्येकाने पुढचा जन्माला घालत, खेळायला सांगितलं की सातव्या-आठव्याला गाडी अडते. शिवाय आजच्या नियमांत सलग पंधरा हॅझर्ड, म्हणजे इन-ऑफ आणि पॉट मिळून पंधरा, एवढीच मुभा आहे. त्यानंतर कॅनन घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी पांढरा बॉल कुठे पडलाय याची काळजी दहाव्या-अकराव्या फटक्यापासूनच सुरू होते.

मोठा ब्रेक मात्र इन-ऑफवर होत नाही. तो होतो टेबलाच्या वरच्या टोकाला. जोन्स ज्या दर्जावर खेळले तिथे जिंकायला याशिवाय मार्ग नाही, म्हणून यावर जरा सविस्तर.

लालचा स्पॉट वरच्या कुशनपासून पावणेतेरा इंचांवर, टेबलाच्या उभ्या मध्यावर. तिथून वरचं पॉकेट साधारण तीन फुटांवर. लाल स्पॉटवर, पांढरा त्याच्या मागे स्पॉट आणि कुशन यांच्यामध्ये, आणि क्यू बॉल लालच्या एका अंगाला, जरा खाली: ही मांडणी जमली की खेळ सुरू होतो. क्रम वरवर पाहता सोपा. लाल वरच्या पॉकेटमध्ये पॉट करायचा, ३ गुण. लाल पुन्हा स्पॉटवर येतो. क्यू बॉल अशा जागी थांबवायचा की लगेच लालवरून पांढऱ्यावर कॅनन मिळेल, २ गुण. कॅनन असा घ्यायचा की लाल दोन-चार इंच सरकून पॉकेटच्या रोखाने उभा राहील. मग पुन्हा पॉट. एका जोडीचे ५ गुण, वीस जोड्यांचे शंभर, म्हणजे चाळीस फटके. लालच्या इन-ऑफने शंभर गाठायला चौतीस फटके पुरतात. तरीही जाणकार वरचं टोक का निवडतो? कारण इन-ऑफमध्ये लाल दर वेळी चौदा फूट फिरून येतो, इथे तो इंचांत हलतो. चूक झालीच तर तीही इंचांतच राहते.

नुसता पॉटच पुन्हा पुन्हा का घेत नाहीत, असं मनात येईल. मध्ये दुसरा गुण न मिळवता स्पॉटवरून लाल सलग दोनदा पॉट केला की तो स्पॉटवर न ठेवता टेबलाच्या मधल्या स्पॉटवर ठेवतात, आणि सगळी मांडणी विस्कटते. त्यामुळे कॅनन टाळता येत नाही, आणि खरी कसोटी कॅननचीच.

एक कॅनन जवळून पाहू. पॉट झाल्यावर क्यू बॉल लालपासून सहा इंचांवर उभा आहे, पांढरा लालच्या मागे, किंचित डावीकडे. क्यू बॉल लालच्या डाव्या अंगाला पातळ लागला तर तो पुढे सरकून पांढऱ्याला हलकेच टेकतो आणि लाल उजवीकडे, उजव्या पॉकेटच्या दिशेने, थोडासाच जातो. हेच हवं होतं. आता तोच फटका जरा जाड लागला तर लालला जास्त वेग मिळतो, तो बाजूच्या कुशनपर्यंत जातो आणि पॉटचा कोन हरवतो. फार पातळ लागला तर लाल जागचा हलतच नाही आणि क्यू बॉल पांढऱ्याच्या मागे अडकतो. आता लाल दिसतो, पण पांढऱ्याने वाट अडवलेली. पांढऱ्यावर आपटण्याचा जोर जास्त झाला तर पांढरा कुशनला लागून खाली निघून जातो, आणि वरच्या टोकाचा खेळ तिथेच थांबतो, कारण तिसरा बॉल आसपास नाही. जोर फारच कमी झाला तर क्यू बॉल पांढऱ्याला चिकटून उभा राहतो. मग नियमाप्रमाणे लाल स्पॉटवर, पांढरा मधल्या स्पॉटवर, आणि आपण हातातून. कॅननचे दोन गुण या प्रत्येक शक्यतेत मिळालेलेच असतात. पाच शक्यता, फलकावर पाचही सारख्या, आणि त्यातल्या चार ब्रेकचा शेवट जवळ आणणाऱ्या.

या कॅननमध्ये क्यू जेमतेम दोन-तीन इंच मागे येतो. हात कोपरापासून हलवायचा, खांदा आणि डोकं स्थिर. बोटांची पकड सैल, कारण घट्ट मुठीतून एवढा हळू फटका निघतच नाही. फटका हळू असला तरी क्यूची टिप बॉलमधून पुढे जायला हवी. भीतीने मध्येच आखडली तर बॉल ठरल्यापेक्षा अर्ध्यावर थांबतो, आणि दमट हवेत हे जास्त होतं. टिप फार कडक असेल तर असा नाजूक फटका टोचल्यासारखा बसतो. फार मऊ टिप लवकर पसरते आणि साइडचा भरवसा राहत नाही. मुरलेले खेळाडू जुळलेली टिप शक्यतो बदलत नाहीत ते यासाठीच.

पांढरा खाली निघून गेला की त्याला वर आणायला ड्रॉप कॅनन असतो. आपला बॉल हातात असेल, पांढरा टेबलाच्या मध्याच्या आसपास आणि लाल स्पॉटवर, तर ‘डी’मधून पांढऱ्यावर असं खेळायचं की क्यू बॉल पुढे जाऊन लालला हलकेच लागावा आणि पांढरा बाजूच्या कुशनवरून वरच्या टोकाला यावा. तिन्ही बॉल फूटभराच्या आत गोळा झाले तर फटका साधला. नुसता कॅनन झाला आणि पांढरा मध्येच राहिला तर गुण मिळाले, काम झालं नाही. मला विचाराल तर बिलियर्ड्‌सपटूची पारख करायला हा एकच फटका पुरे.

बचावाचा भाग या खेळात कमी दिसतो, पण असतो. ब्रेक संपणारच असं दिसलं की पांढरा पॉट करून टाकायचा आणि पुढच्या फटक्यात लाल आणि आपला बॉल दोन्ही बॉक लाइनच्या आत न्यायचे. प्रतिस्पर्ध्याचा बॉल हातात, त्याने खेळायचं ‘डी’मधून, आणि बॉकमधल्या बॉलवर थेट मारायला बंदी. याला डबल बॉक म्हणतात. एरवी जो मूर्खपणा, तो पांढऱ्याचा पॉट इथे शहाणपणाचा ठरतो.

एवढं लक्षात घेतलं की आकडे वेगळे दिसू लागतात. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रम यांनी १९३२ मध्ये ४,१३७ चा ब्रेक केला. त्यांच्या कुशनलगतच्या चिमुकल्या कॅननच्या माळा इतक्या लांबत की नियम बदलावे लागले. आज सलग पंचाहत्तर कॅननची मर्यादा आहे, आणि दर शंभर गुणांमागे एकदा क्यू बॉलने बॉक लाइन ओलांडायची अटही. ऑस्ट्रेलियाचेच बॉब मार्शल यांनी जागतिक हौशी विजेतेपद चार वेळा जिंकलं, १९३६ पासून १९६२ पर्यंत. या ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश खेळाडूंच्या घराजवळ स्पर्धा होती, परंपरा होती, पाहायला मोठे खेळाडू होते. जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ ची विजेतेपदं त्यांच्याच पिढीत जिंकली, आणि दुसरं तर हजारो मैल दूरच्या, परक्या टेबलावर. मायदेशातली पहिली जीत कुणी परिचित हवामानाच्या खात्यावर टाकू शकलं असतं. १९६४ नंतर ती शंका उरली नाही, आणि म्हणून मी दुसऱ्या विजेतेपदाला पहिल्याहून वरचं मानतो.

त्यांच्यानंतरची रांग मोठी आहे. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये जागतिक हौशी विजेते झाले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १,१४९ चा ब्रेक केला. सरासरी अडीच गुणांचा फटका धरला तर हे साडेचारशेहून जास्त सलग फटके होतात, आणि त्या प्रत्येक फटक्यानंतर तिन्ही बॉल खेळण्याजोग्या जागी. मग गीत सेठी, १९९२ च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेतला त्यांचा १,२७६ चा ब्रेक, आणि पुढे पंकज अडवाणी. भारत बिलियर्ड्‌समध्ये जगाच्या पुढे असणं आज आपल्याला नेहमीचं वाटतं. १९५८ च्या आधी ते कुणी गृहीत धरलेलं नव्हतं. जोन्स बिलियर्ड्‌सबरोबर स्नूकरही राष्ट्रीय पातळीवर जिंकत होते, हेही विसरायला नको. स्नूकरला लांबचा, जोरकस, अचूक पॉट लागतो. बिलियर्ड्‌सला तीन इंचांचा स्पर्श. एकाच हाताने दोन्ही सांभाळायचं म्हणजे एकाच गळ्याने पोवाडा आणि अंगाई म्हणायची.

खेळणं थांबल्यावर त्यांनी शिकवलं, आणि द्रोणाचार्य त्यासाठी मिळाला. बिलियर्ड्‌स शिकवणं कठीण आहे, कारण शिकणाऱ्याचं लक्ष गुणांवर असतं आणि शिकवणाऱ्याला दाखवायचं असतं ते त्यानंतरचं. हल्ली पार्लरमध्येही एखादं बारा फुटी टेबल असतं, पण त्यावर स्नूकरच चालतो. त्या टेबलावरून स्नूकरचे बॉल बाजूला काढून तीनच बॉल ठेवायला काही खर्च येत नाही.

सुरुवात करायची असेल तर अशी करावी. लाल मध्यरेषेच्या सव्वा फूट अलीकडे ठेवा, मधल्या पॉकेटचा इन-ऑफ घ्या, आणि लाल जिथे थांबला तिथे खडूने बारीक टिंब करा (खडू ब्रशने निघून जातो, पेन्सिल नको). लाल उचलून पुन्हा मूळ जागी ठेवा. असे दहा फटके झाले की टिंबांचा पसारा पाहा. टिंबं उभ्या रेषेत पसरली असतील तर नेम ठीक आहे, जोर चुकतोय. आडवी पसरली असतील तर टक्कर कधी जाड, कधी पातळ होतेय. दहाही टिंबं ताटाएवढ्या जागेत येईपर्यंत वरच्या टोकाकडे जाऊ नये. तिकडे गेल्यावर लाल स्पॉटवर, पांढरा त्याच्या मागे कुशनपासून चारेक इंचांवर ठेवून पॉट आणि कॅननच्या जोड्या मोजाव्यात, आणि साखळी तुटली की वहीत गुणांऐवजी एवढंच लिहावं: लाल लांब गेला, पांढरा खाली गेला, वाट अडली, की बॉल चिकटले. आठवडाभराच्या नोंदींत यातलं एक कारण इतरांपेक्षा जास्त वेळा दिसेल. पुढचा सराव त्या एकाच कारणावर करायचा.